गर्दी झाली की सर्व्हर का पडतो: कारण शोधायचं कसं, सावरायचं कसं

एरवी महिनोन्‌महिने बिनतक्रार चालणारी साइट नेमकी गर्दीच्या वेळी पडते. निकालाची दुपार, प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस, दिवाळीचा सेल. रीस्टार्ट केला की पाच-दहा मिनिटं चालते आणि पुन्हा बंद. अशा वेळी बहुतेक जण दिसेल ती मर्यादा वाढवत सुटतात आणि त्यामुळे सर्व्हर आणखी लवकर पडतो. गर्दीत सर्व्हर पडतो तेव्हा काहीतरी एक संपलेलं असतं: मेमरी, वर्कर (आलेल्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस), डेटाबेसची कनेक्शनं, फाइल उघडण्याची मर्यादा किंवा सीपीयू. नेमकं काय संपलं हे कळल्याशिवाय एकही आकडा बदलायचा नाही.

हा लेख सर्वांत जास्त आढळणाऱ्या मांडणीसाठी आहे: लिनक्सचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर एन्जिनएक्स (विनंत्या स्वीकारणारा वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारे वर्कर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). वर्डप्रेस, लाराव्हेल, मूडल असं काहीही चालवत असाल तरी पायऱ्या त्याच. उदाहरणासाठी २ कोर आणि ४ जीबी मेमरीचं मशीन धरलं आहे. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

हाताशी काय हवं

- एसएसएच (दुरून सर्व्हरचं टर्मिनल उघडण्याची सोय) आणि सुडो (प्रशासकाचे) अधिकार. नुसत्या कंट्रोल पॅनेलवर यातलं निम्मं दिसत नाही.
- एन्जिनएक्सचे एरर लॉग आणि ॲक्सेस लॉग, पीएचपी-एफपीएमचा लॉग, मायएसक्यूएलचा एरर लॉग.
- एचटॉप आणि सिसस्टॅट ही पॅकेजेस, आधीच टाकलेली. डेबियन-उबुंटूवर सिसस्टॅट टाकल्यावर त्याची नोंदणी वेगळी चालू करावी लागते, हे बऱ्याच जणांकडून राहून जातं. ती चालू असेल तर साधारण दर दहा मिनिटांचे सीपीयू, मेमरी आणि लोडचे आकडे मागाहून ‘सार’ कमांडने बघता येतात.
- कॉन्फिग फाइलींची प्रत. बदल करण्याआधी प्रत काढा, फाइलच्या नावात तारीख घाला.

## १. रीस्टार्ट करण्याआधी दोन मिनिटं थांबा

फोन वाजत असतात, घाई असते, तरीही हे करा. रीस्टार्टनंतर अर्धा पुरावा पुसला जातो. टर्मिनल उघडत असेल तर या पाच कमांडचं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा:

- ‘फ्री -एच’: मेमरीची स्थिती. ‘फ्री’ हा रकाना कमी दिसला म्हणून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी कॅशसाठी वापरतोच. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना.
- ‘व्हीएमस्टॅट १ १०’: ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या रकान्यांत सतत मोठे आकडे असतील तर मशीन स्वॅपमध्ये गेलं आहे, म्हणजे मेमरी अपुरी पडून डिस्क वापरतं आहे. ‘डब्ल्यूए’ जास्त असेल तर डिस्क अडते आहे. ‘एसटी’ जास्त असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू यजमान मशीन दुसऱ्याला देतं आहे.
- ‘एसएस -एस’: कनेक्शनांचा गोषवारा.
- ‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’: डिस्क आणि आयनोड (फाइलींच्या नोंदींची जागा). लॉगने डिस्क भरली की मायएसक्यूएल अडकतं आणि बाहेरून ते ‘गर्दीने पडलं’ असंच दिसतं.
- ‘पीएस ऑक्स’, मेमरीनुसार उतरत्या क्रमाने लावून, पहिल्या चाळीस ओळी.

मशीन पूर्ण गोठलं असेल आणि पॅनेलवरून रीबूट करावंच लागलं, तर नंतर ‘जर्नल-सीटीएल -के -बी -१’ चालवा. आधीच्या बूटमधले कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश मिळतात. मात्र त्यासाठी ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी असावी लागते. नसेल तर जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीबूटबरोबर जातं. आजच बघून ठेवा.

वेळेचं भान ठेवा. बरेच क्लाउड सर्व्हर यूटीसीवर चालतात आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे असते. दुपारी १ वाजता साइट पडली असेल तर लॉगमध्ये ०७:३० शोधायचं. ‘टाइमडेट-सीटीएल’ने टाइमझोन कळतो.

## २. ‘पडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

ब्राउझरमधला कोड आणि एन्जिनएक्सच्या एरर लॉगमधली त्याच मिनिटाची ओळ शेजारी-शेजारी ठेवा.

- ५०२, लॉगमध्ये ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ (१११): पीएचपी-एफपीएम चालूच नाही.
- ५०२, लॉगमध्ये ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ (११): पीएचपी जिवंत आहे, पण सगळे वर्कर गुंतलेत आणि सॉकेटची (एन्जिनएक्स आणि पीएचपी यांना जोडणाऱ्या दाराची) रांगही भरली आहे. पायरी ४ आणि ५.
- ५०२, लॉगमध्ये ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’ (१०४): काम चालू असतानाच वर्कर मेला. मेमरी किंवा सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागेला हात लावल्याने झालेला क्रॅश).
- ५०४, लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम टाइम्ड आउट’ (११०): वर्करने ठरलेल्या वेळेत, मुळात ६० सेकंदांत, उत्तर दिलं नाही. तो कशाची तरी वाट बघतोय. पायरी ५.
- ॲक्सेस लॉगमध्ये ४९९: वाट बघून कंटाळलेल्या माणसानं पान बंद केलं किंवा रीफ्रेश दाबलं.

या ४९९ कडे फार कमी जण बघतात. साइट पडण्याच्या आधी काही मिनिटं ४९९ वाढायला लागतात. माणूस निघून गेला तरी पीएचपी बहुतेक वेळा त्याचं जुनं काम पूर्ण करत बसतं आणि रीफ्रेशमुळे नवं कामही रांगेत लागतं. एकच विद्यार्थी निकालाच्या पानावर पाच वेळा रीफ्रेश करतो तेव्हा सर्व्हरच्या दृष्टीने ते पाच विद्यार्थी असतात.

प्रोसेस कशी मेली हे एक्झिट कोडवरूनही कळतं. १३७ म्हणजे सक्तीने मारली गेली, बहुधा मेमरीसाठी. १३९ म्हणजे सेगफॉल्ट. १४३ म्हणजे कुणीतरी रीतसर थांबवली, तो क्रॅश नव्हे.

याच टप्प्यावर गर्दी खरी आहे का तेही बघा. ॲक्सेस लॉगमधला पहिला रकाना मोजून सर्वाधिक विनंत्या पाठवणारे वीस आयपी काढा. वर्डप्रेस असेल तर ‘एक्सएमएल-आरपीसी’ आणि ‘डब्ल्यूपी-लॉगिन’ या फाइलींवर किती मारा आहे ते मोजा. वाचक वाढले असं वाटत असताना तो बॉटचा मारा निघण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत. वाचक आणि सर्व्हर यांच्या दरम्यान क्लाउडफ्लेअरची मध्यस्थ सेवा असेल तर लॉगमध्ये त्यांचेच आयपी दिसतील. एन्जिनएक्समध्ये खरा आयपी वाचण्याची सोय आधी करून घ्या.

## ३. मेमरी संपली का?

‘डीमेसेज’ कमांड मोठ्या ‘टी’ पर्यायासह चालवून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. सापडलं तर तिथे ‘किल्ड प्रोसेस’ असं लिहून कंसात बहुधा ‘मायएसक्यूएलडी’ दिसेल.

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. मायएसक्यूएल मारलं गेलं म्हणून तो मायएसक्यूएल दुरुस्त करायला बसतो. मेमरी संपल्यावर कर्नल साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो. एकटं मायएसक्यूएल एक-दीड जीबीचं असतं, पीएचपीचा प्रत्येक वर्कर साठ-सत्तर एमबीचा. म्हणून बळी मायएसक्यूएलचा जातो, जरी मेमरी खाणारे ते शंभर वर्कर असले तरी.

खरा दोषी शोधायला त्याच ओळीच्या वर सरका. कर्नल तिथे त्या क्षणीच्या सगळ्या प्रोसेसचं कोष्टक छापतो. त्यातला ‘आरएसएस’ (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेली मेमरी) हा रकाना एमबीमध्ये नसून पानांमध्ये असतो आणि नेहमीच्या मशीनवर एक पान ४ केबीचं. आकडा १५३६० असेल तर ती प्रोसेस ६० एमबीची. आता ‘पीएचपी-एफपीएम’ नावाच्या ओळी मोजा. अशा ७० ओळी असतील तर एकट्या पीएचपीने सुमारे ४ जीबी मागितली होती. ४ जीबीच्या मशीनवर मग मायएसक्यूएलला जागा उरणार कुठून?

डॉकर (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवण्याची सोय) वापरत असाल तर संदेशात ‘मेमरी सीग्रुप’ असे शब्द असतात. म्हणजे मशीनमध्ये मेमरी शिल्लक असूनही त्या कंटेनरची मर्यादा संपली. कंटेनरच्या आत ‘फ्री’ चालवून उपयोग नाही, तो पूर्ण मशीनचे आकडे दाखवतो.

तात्पुरता आधार म्हणून २ जीबीची स्वॅप फाइल करून ठेवा. क्षणिक उसळी त्यात मुरते. पण वर्करांची संख्याच चुकलेली असेल तर स्वॅपने काही सुटत नाही. मशीन मरायच्या ऐवजी गोठतं आणि एसएसएचसुद्धा लागत नाही.

## ४. वर्कर किती? गणित करून ठरवा

पीएचपी-एफपीएमच्या मूळ कॉन्फिगमध्ये ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ फक्त ५ असतो. गर्दी झाली की लॉगमध्ये ‘मर्यादा गाठली, वाढवण्याचा विचार करा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते आणि लोक सरळ १०० करून मोकळे होतात. ती ओळ मेमरी मोजून आलेली नसते.

आधी एका वर्करची मेमरी मोजा, आणि ती गर्दीच्या वेळी मोजा. रिकाम्या वेळचा आकडा फसवतो. ‘पीएस’चा आरएसएस थोडा फुगवून सांगतो कारण ऑपकॅशची (पीएचपीच्या तयार कोडच्या साठ्याची) सामायिक मेमरी तो प्रत्येक वर्करमागे धरतो. ‘एसमेम’ कमांडचा पीएसएस जास्त नेमका, तो सामायिक मेमरी वर्करांत वाटून धरतो. सरासरीवर थांबू नका, मोठे वर्कर किती मोठे होतात तेही बघा.

मग ४ जीबीच्या मशीनचं गणित असं:

- एकूण ४०९६ एमबी
- ऑपरेटिंग सिस्टम आणि किरकोळ सेवा: ५०० एमबी
- मायएसक्यूएल, बफर पूल (डेटा मेमरीत ठेवण्याची जागा) १ जीबी धरून प्रत्यक्षात: १४०० एमबी
- रेडिस (मेमरीत चालणारी कॅश): २०० एमबी
- राखीव: ४०० एमबी
- पीएचपीसाठी उरले सुमारे १६०० एमबी

एक वर्कर ६० एमबीचा असेल तर १६०० भागिले ६० म्हणजे २६. ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ २५ ठेवा. १०० ठेवला असता तर पीएचपीलाच ६ जीबी लागली असती.

मायएसक्यूएलला ७० ते ८० टक्के मेमरी द्या हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो फक्त डेटाबेससाठी राखलेल्या मशीनला लागू आहे. पीएचपी आणि डेटाबेस एकाच मशीनवर असताना तो पाळलात तर पायरी ३ ची गाठ पक्की.

वर्कर हळूहळू फुगत असतील तर ‘पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स’ ५०० ठेवा. मूळ किंमत शून्य आहे, म्हणजे वर्कर कधीच बदलले जात नाहीत.

## ५. वर्कर अडकतात कशात?

‘फक्त २५ वर्कर कसे पुरणार?’ हा प्रश्न इथे येतोच. तर एक विनंती २०० मिलिसेकंदांत होत असेल तर एक वर्कर सेकंदाला ५ विनंत्या हाताळतो आणि २५ वर्कर १२५. लहान साइटला हे भरपूर झालं, अट एवढीच की २ कोरच्या सीपीयूला ते पेलायला हवं. पण तीच विनंती २ सेकंद घेऊ लागली की तेच वर्कर सेकंदाला जेमतेम १२ विनंत्या उरकतात. एकही वाचक न वाढता साइटची ताकद दहा पटींनी घटली. म्हणूनच सगळी मेहनत इथे घालायची.

पीएचपी-एफपीएमच्या पूल (वर्करांच्या गटाच्या) फाइलमध्ये ‘रिक्वेस्ट_स्लोलॉग_टाइमआउट’ ३ सेकंद करा आणि ‘स्लोलॉग’ला फाइलचा पत्ता द्या. तीन सेकंदांपेक्षा जास्त चाललेल्या प्रत्येक विनंतीचा त्या क्षणीचा स्टॅक, म्हणजे कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी, त्यात उतरतो. प्रत्येक नोंदीत सर्वांत वरची ओळ वाचा, वर्कर तिथेच उभा आहे. अशा पन्नास नोंदींच्या वरच्या ओळी गोळा करून मोजल्या की चित्र स्पष्ट होतं. सहसा तीनपैकी एक निघतं.

‘पीडीओ’ किंवा ‘मायएसक्यूएलआय’ची क्वेरी: डेटाबेस हळू आहे. पायरी ६ कडे जा.

‘कर्ल_एक्झेक’: तुमचा कोड बाहेरच्या सेवेची वाट बघतोय, एसएमएस, पेमेंट, आधार पडताळणी, नकाशे. पीएचपीच्या कर्लला एकूण वेळेची मर्यादा मुळात नसतेच, आणि नुसतं कनेक्शन जुळण्यासाठी तो ३०० सेकंद थांबू शकतो. समोरची एसएमएस सेवा गर्दीत लटकली की ३० सेकंदांत तुमचे पंचवीसच्या पंचवीस वर्कर तिच्या दारात उभे. कनेक्शनसाठी २ आणि एकूण ५ सेकंदांची मर्यादा घाला, आणि एसएमएस-ईमेल पाठवण्याचं काम पानाबरोबर करूच नका, ते क्यूमध्ये (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाका.

‘सेशन_स्टार्ट’: पीएचपीचं सेशन फाइलमध्ये असतं तेव्हा एका वेळी एकच विनंती ती फाइल धरू शकते. पानातून एकाच वापरकर्त्याच्या आठ एजॅक्स (पान न बदलता मागून जाणाऱ्या) विनंत्या आल्या तर सात वर्कर नुसते कुलूप उघडायची वाट बघत बसतात. सेशन वाचून झालं की लगेच ‘सेशन_राइट_क्लोज’ करा.

एक सापळा खास सांगण्यासारखा. ‘मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम ३० आहे, म्हणजे ३० सेकंदांनी विनंती मरेलच’ हा समज लिनक्सवर चुकीचा आहे. डेटाबेसची किंवा नेटवर्कची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. घड्याळी वेळेवर तोडायचं तर ‘रिक्वेस्ट_टर्मिनेट_टाइमआउट’ वापरा. तो एन्जिनएक्सच्या टाइमआउटपेक्षा कमी ठेवा. नाहीतर माणूस ५०४ बघून निघून जातो आणि वर्कर मागे राबत राहतो. मोठे रिपोर्ट आणि एक्सेल आयात यांना जास्त वेळ लागतो, त्यांच्यासाठी तीन-चार वर्करांचा वेगळा पूल करा.

## ६. डेटाबेस

स्लो क्वेरी लॉग चालू करा आणि ‘लाँग_क्वेरी_टाइम’ १ सेकंद करा. मूळ मर्यादा १० सेकंदांची आहे, तिच्यात गर्दीतलं काहीच सापडत नाही. साइट अडकलेली असतानाच ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ चालवा. एकच क्वेरी वीस वेळा दिसली तर ती उचला, पुढे ‘एक्स्प्लेन’ लावा. ‘टाइप’खाली ‘ऑल’ आणि ‘रोज’खाली लाखांत आकडा दिसला तर पूर्ण टेबल वाचलं जातंय, इंडेक्स (नेमक्या ओळी पटकन शोधून देणारी सूची) हवा. तो रात्री लावा. इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात) बहुतेक इंडेक्स टेबल चालू असताना लागतात, पण सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर मेटाडेटाचं (टेबलाच्या रचनेचं) कुलूप लागतं, आणि त्या वेळी एखादा लांबलेला व्यवहार आडवा असेल तर त्याच्यामागे सगळी साइट अडते.

‘टू मेनी कनेक्शन्स’ (१०४०) आला तर ‘मॅक्स_कनेक्शन्स’ वाढवण्याआधी मोजा. मूळ मर्यादा १५१ आहे. तुमचे वर्कर २५ आणि कनेक्शनं १५१? मग बाकीची कुणाची? क्रॉन (वेळापत्रकानुसार चालणारी कामं), क्यू वर्कर, पर्सिस्टंट (काम झाल्यावरही उघडी राहणारी) कनेक्शनं किंवा दुसरी एखादी साइट. ‘स्लीप’मध्ये पडून राहिलेली कनेक्शनं मुळातल्या सेटिंगने ८ तास तोडली जात नाहीत.

## ७. फाइलींची आणि रांगेची मर्यादा

लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ (२४) असेल तर हे वाचा, नसेल तर पुढे जा. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक उघडी फाइल. ‘लिमिट्स.कॉन्फ’मध्ये आकडा वाढवून काहीच फरक पडत नाही अशी तक्रार असते, कारण सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) सुरू केलेल्या सेवा ती फाइल वाचत नाहीत. ‘सिस्टम-सीटीएल एडिट’ने त्या सेवेत ‘लिमिट-नोफाइल’ घाला, एन्जिनएक्समध्ये ‘वर्कर_आरलिमिट_नोफाइल’ वाढवा. लागू झालं का ते ‘/प्रॉक’मधल्या त्या प्रोसेसच्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये बघा.

पीएचपीच्या सॉकेटची रांग, म्हणजे बॅकलॉग, लिनक्सवर मुळात ५११ ची मागितली जाते; कर्नलचं ‘सोमॅक्सकॉन’ तिला वरून मर्यादा घालतं. कर्नल ५.४ च्या आधी ते १२८ होतं, नंतर ४०९६ झालं. रांग लांब केली म्हणजे काम झालं असं नाही. सेकंदाला १२ विनंत्या उरकणाऱ्या सर्व्हरपुढे ५११ ची रांग म्हणजे शेवटच्या माणसाला ४० सेकंदांची वाट. तोवर तो रीफ्रेश करून नव्याने रांगेत आलेला असतो.

## ८. बदल तपासून बघा

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. लोड टेस्टसाठी ‘एबी’ चालतं, ‘केसिक्स’ अधिक चांगलं. टेस्ट दुसऱ्या मशीनवरून चालवा. त्याच सर्व्हरवरून चालवली तर टेस्टच त्याचा सीपीयू खाते. एकाच वेळी ५, १०, २०, ४०, ८० वापरकर्ते असं चढत जा, प्रत्येक टप्पा किमान तीन मिनिटं. सरासरी वेळ बघू नका. शंभरातल्या सर्वांत हळू पाच विनंत्यांना किती वेळ लागला तो आकडा नोंदवा.

मुखपृष्ठावर टेस्ट करून समाधान मानू नका. ते बहुधा कॅशमधून येतं. लॉगिन, शोध आणि फॉर्म भरणं यांवर करा. खरे एसएमएस आणि खरी पेमेंट आधी बंद केल्याची खात्री करा. मशीन सीपीयू-क्रेडिटवर चालणारं (साठलेलं क्रेडिट संपलं की मंदावणारं) असेल तर तीन मिनिटांची टेस्ट उत्तम जाते आणि दोन तासांची गर्दी नाही. अशा मशीनवर लांब टेस्ट घ्याच.

## ९. झेपेल तेवढंच आत घ्या

एवढं करूनही कधीतरी क्षमतेपेक्षा जास्त माणसं येतील. तेव्हा जास्तीच्या लोकांना लगेच नम्र नकार मिळाला आणि आतल्यांचं काम झालं, तर साइट उभी राहते.

सर्वांत स्वस्त उपाय एन्जिनएक्सच्या फास्टसीजीआय कॅशचा, म्हणजे पीएचपीने बनवलेलं पान साठवून तेच पुन्हा देण्याचा. लॉगिन न केलेल्यांची पानं फक्त १० सेकंद साठवली आणि ‘कॅश_लॉक’ चालू ठेवलं, तर एका पानासाठी साधारण दर दहा सेकंदांनी एकच विनंती पीएचपीपर्यंत जाते, बाहेर माणसं कितीही असोत. ‘यूज_स्टेल’मध्ये ‘अपडेटिंग’ घाला, म्हणजे नवं पान तयार होईपर्यंत बाकीच्यांना जुनं दिलं जातं. लॉगिनची कुकी असेल तर कॅश टाळलीच पाहिजे, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल. हे दोन वेगळ्या ब्राउझरमधून तपासल्याशिवाय चालू करू नका.

दुसरं, पीएचपीकडे जाणाऱ्या वाटेवर ‘लिमिट_कॉन’ (एका वेळच्या कनेक्शनांवरची मर्यादा) लावा आणि त्याची किल्ली आयपी न ठेवता सर्व्हरचं नाव ठेवा. २५ वर्कर असतील तर एकूण ५० च्या पुढच्यांना लगेच ५०३. त्या ५०३ साठी एक साधी एचटीएमएल फाइल द्या: ‘सध्या गर्दी आहे, दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.’ ती फाइल डिस्कवरून थेट जाते, पीएचपीला हात लागत नाही.

आयपीवार मर्यादा घालणारं ‘लिमिट_रेक्’ फक्त लॉगिन आणि शोध यांसारख्या जड पानांवर लावा, आणि ‘बर्स्ट’ (क्षणिक उसळीला दिलेली सूट) सढळ ठेवा. आपल्याकडे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागून बाहेर काढतात, कॉलेजची अख्खी लॅबही एकाच पत्त्यावरून येते. आयपीमागे सेकंदाला एक विनंती अशी कडक मर्यादा पूर्ण साइटवर लावली तर पहिल्यांदा बाहेर राहतील ती लॅबमध्ये बसून फॉर्म भरणारी मुलं. मर्यादा लावल्यावर पहिला आठवडा एरर लॉगमधल्या ‘लिमिटिंग रिक्वेस्ट्स’च्या ओळी रोज वाचा आणि अडवलेले पत्ते बॉटचे आहेत की कॉलेजचे, ते बघून आकडा सैल करा.